भंडाऱ्यात पाहण्यासारखं काय आहे?

(आपल्या सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचं हे लेखी रूप. बोलताना सुटलेल्या दोन-चार गोष्टी लिहिताना घातल्या आहेत. बाकी बोलले तसंच ठेवलं आहे.)



सचिवांनी मला वीस मिनिटं दिली आहेत. "मॅडम, हा शाळेचा तास नाही," असंही त्यांनी बजावून सांगितलं आहे. एकतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलेल्या बाईच्या हातात माईक देताना एवढी काळजी घ्यायलाच हवी. पण विषय त्यांनीच दिला आहे. गेल्या जानेवारीत आपण पवनीला जी सहल नेली, तिच्यावर बोला म्हणाले. तर बोलते.

सुरुवात सोसायटीपासूनच करू. आपली सोसायटी नोंदली गेली १९९९ साली. त्याच वर्षी १ मे रोजी आपला जिल्हा दोन झाला आणि गोंदिया वेगळा निघाला. ज्यांनी तेव्हा इथे फ्लॅट बुक केले होते त्यांना आठवत असेल, त्या दिवसांत चहाच्या टपरीपासून कचेरीपर्यंत एकच चर्चा होती. काय तिकडे गेलं, काय इकडे राहिलं? नागझिरा गेलं. नवेगाव बांध गेलं. म्हणजे पाहुण्यांना गाडीत घालून जिथे न्यायचं, ती ठिकाणं पलीकडे गेली. आपल्याकडे राहिले धान, तळी आणि पितळेची भांडी. तेव्हापासून एक वाक्य आपल्या सगळ्यांच्या तोंडी बसलं आहे. पुण्याहून जावई येतो, मुंबईहून नणंद येते, विचारते, "वहिनी, तुमच्या भंडाऱ्यात पाहण्यासारखं काय आहे?" आणि आपण म्हणतो, "काही नाही हो, इथे काय आहे! नागपूरला जाऊ, नाहीतर ताडोबाला जाऊ."

मीही हेच म्हणत आले. आणि माझा गुन्हा तुमच्यापेक्षा मोठा आहे, कारण मी इतिहास शिकवत होते.

ती गोष्ट आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

साल असेल १९८८ च्या आसपासचं. सहावीचा वर्ग होता. मी सांचीचा स्तूप शिकवत होते. फळ्यावर अर्धगोल काढला, भोवती कठडा काढला, तोरण काढलं. माझं चित्र बरं यायचं. मागच्या बाकावर एक मुलगा होता, मामाकडे राहून शिकणारा, मूळ पवनीचा. तो उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, आमच्या पवनीलेबी असा पत्थर निंगला होता. त्याच्यावर साप होता. माहे आजोबा खोदकामावर मजुरीले होते."

वर्ग हसला. मुलांचं सोडा, मीही हसले. म्हटलं, "बाळ, आपण सांचीबद्दल बोलतोय. सापाची गोष्ट मधल्या सुट्टीत." तो खाली बसला. वर्षभरात पुन्हा कधी इतिहासाच्या तासाला उभा राहिला नाही.

मी हे विसरूनही गेले होते. निवृत्तीनंतर भाचीच्या अभ्यासासाठी तिच्याबरोबर नागपूरला एका ग्रंथालयात बसले होते. तिथे कपाटात एक जुनं इंग्रजी पुस्तक दिसलं, पवनीच्या उत्खननाचा अहवाल. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण या दोघांनी मिळून पवनीला खोदकाम केलं होतं. डॉ. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांनी ते पाहिलं आणि १९७२ साली त्याचा अहवाल निघाला. मी पानं उलटत होते. त्यात फोटो होता. दगडी खांबावर कोरलेला, फणा काढलेला नाग. शेजारी ब्राह्मी लिपीत त्याचं नाव, मुचलिंद नाग.

आता ही कथा पुष्कळांना माहीत आहे. बुद्धांना ज्ञानप्राप्ती झाल्यावर ते ध्यानात बसले असताना सात दिवस वादळी पाऊस झाला. तेव्हा मुचलिंद नावाच्या नागराजाने त्यांच्यावर फणा धरला. ज्या काळातलं हे कोरीवकाम आहे, त्या काळात बुद्धांना माणसाच्या रूपात दाखवत नसत. वृक्ष, चक्र, आसन यांवरून ओळखायचं. म्हणून त्या मुलाच्या आजोबांना मातीतून वर येताना दिसला असणार तो सापच. त्यांनी नातवाला खरं तेच सांगितलं, आणि नातवाने मला. हसले मात्र मी.

ग्रंथालयात बसून मला फार वाईट वाटलं. भंडाऱ्याहून पवनी पन्नास किलोमीटरच्या आत आहे. नोकरीच्या काळात मी दोन वेळा शाळेची सहल सांची-भोपाळला नेली. पवनीला एकदाही नाही. पवनीला मी गेले होते ते लग्नाला, बारशाला, आणि एकदा निवडणुकीच्या ड्युटीवर. मतपेटी सांभाळून परत आले.

म्हणून मागच्या वर्षी सर्वसाधारण सभेत सहलीचा विषय निघाला तेव्हा मी हात वर केला. पचमढी, जयपूर, उज्जैन अशी नावं चालली होती. मी म्हटलं, पवनी. सभेत काय झालं ते तुम्हाला आठवतं. बी विंगमधले एक भाऊ म्हणाले, "मॅडम, पवनीला जायला सहल कशाला, एसटी आहे की." दुसरे म्हणाले, "नुसत्या टेकड्या आहेत तिथे." एका वहिनींनी हळूच विचारलं, "तिथे खरेदीला काय मिळतं?" शेवटी ठरलं की मोठी सहल दिवाळीनंतर, आणि जानेवारीत ज्यांना यायचं त्यांनी एका दिवसासाठी पवनीला यावं. सत्तावीस जण निघालो. त्यातले आठ तर शाळकरी मुलं.

सकाळी सातला निघालो. पहेला गेलं, अड्याळला चहा झाला. धान कापून झाल्यामुळे बांध्या मोकळ्या होत्या, कुठे लाखोळी हिरवी दिसत होती. पवनी जवळ आली तसं मी मुलांना सांगितलं, आता दुकानं बघू नका, जमीन बघा. कारण पवनीत इतिहास डोळ्यांसमोर उभा नाही, तो जमिनीच्या चढ-उतारात आहे. गावाच्या तीन बाजूंनी मातीचा मोठा तट आहे, तटाच्या बाहेर खंदक आहे, आणि चौथ्या बाजूला वैनगंगा. तटावर आता झाडं-झुडपं आहेत, कुठे घरं चढली आहेत, खंदकात कुठे पाणी तर कुठे कचरा. जवाहर दरवाजातून आत शिरलो तेव्हा आपल्या बसचा ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, या गेटमधून मी पन्नास वेळा गेलो असेन. हा किल्ला आहे?" हो, हा किल्ला आहे. भोसल्यांच्या काळात ते तटबंदीचं शहर होतं, पेंढाऱ्यांनी ते लुटलं, १८१८ मध्ये इंग्रजांनी घेतलं. आणि तटाच्या आत माणसं राहत आली आहेत ती सम्राट अशोकाच्या काळापासून, किंबहुना त्याही आधीपासून. एकाच जागी इतकी शतकं नांदलेली गावं महाराष्ट्रात फार थोडी आहेत.

इथेच का? मुलांपैकी एकाने हे विचारलं आणि मला बरं वाटलं. उत्तर नदीच्या काठावर उभं राहिलं की मिळतं. वैनगंगा शिवनी जिल्ह्यात उगम पावते, आपल्या भंडाऱ्यावरून दक्षिणेला येते, पुढे वर्धेला मिळून प्राणहिता होते आणि गोदावरीत जाते. म्हणजे उत्तरेकडून आंध्राकडे जाणारी ही वाटच आहे. भोवती भाताची जमीन, पाणी बारमाही, मागे जंगल. व्यापारी आला, त्याच्यामागे भिक्षू आला, राजाचा अधिकारी आला. मौर्य गेले, सातवाहन आले, त्यांची नाणी इथल्या मातीत सापडली. वाकाटक आले, दुसऱ्या प्रवरसेनाचा ताम्रपट पवनीला मिळाला आहे. प्रत्येकाने काही ना काही मागे ठेवलं.

मग गावाच्या कडेच्या जगन्नाथ टेकडीवर गेलो. आता खरं सांगते. वर पोचल्यावर आमच्यातले निम्मे लोक हिरमुसले. चेहऱ्यावरच दिसत होतं. मनात सांचीचं चित्र होतं आणि समोर माती, गवत, विटांचे थर, देऊळ. एका वहिनींनी मला बाजूला घेऊन विचारलं, "मॅडम, स्तूप कुठे आहे?" मी म्हटलं, "आपण त्याच्यावर उभ्या आहोत."

हे ऐकून त्यांनी चप्पल काढली. मी काही सांगितलं नव्हतं. बाकीच्यांनीही काढली.

मग तिथे बसून मी अर्धा तास बोलले. सांचीच्या मोठ्या स्तूपाच्या पंगतीला बसेल असा विटांचा स्तूप इथे होता. मौर्यकाळाच्या सुमारास तो उभा राहिला, पुढे वाढवला, त्याला दगडी कठडा केला. त्या कठड्याच्या खांबांवर कोरीवकाम होतं आणि ज्यांनी पैसे दिले त्यांची नावं होती. आपण जशी सोसायटीच्या मंदिरात फरशीवर देणगीदारांची नावं घालतो ना, तशीच. कोणा राजाने एकट्याने केलेलं हे काम नव्हे. बावीसशे वर्षांपूर्वी या गावच्या लोकांनी वर्गणी काढली होती, एवढं लक्षात ठेवलं तरी खूप झालं.

आणि ते गेलं कुठे? अशा जागांचं काय होतं ते मध्य प्रदेशातल्या भारहुतवरून कळतं. कनिंगहॅम तिथे १८७३ मध्ये पोचला तेव्हा स्तूपाच्या बहुतेक विटा आसपासच्या गावांनी घरं बांधायला नेल्या होत्या. उरलेला कोरीव कठडा कोलकात्याच्या संग्रहालयात गेला, म्हणून वाचला. आज भारहुतला गेलात तर जागेवर फारसं काही दिसत नाही. विटा घराला जातात, कोरीव दगड संग्रहालयाला जातो आणि टेकडी गवताला राहते.

आम्ही बोलत होतो तेवढ्यात एक म्हातारे बाबा काठी टेकत आले. गर्दी पाहून त्यांना नवल वाटलं. "काहाले आले जी तुमी सारे? इथी काय पायसाल?" म्हणाले. आम्ही सांगितलं. ते खाली बसले आणि बोलायला लागले. "आमच्या जुन्या घराच्या भिंतीत हातभर लांबीच्या विटा होत्या जी. आमच्या आज्यानं टेकडीवरून आनल्या म्हणत. तवा कोनाले मालूम होतं? वीट पडली आहे, उचलली."

कोणी काही बोललं नाही. त्यांना काय बोलणार? त्यांच्या आजोबांना कोणी सांगितलं नव्हतं. मला तर पुस्तकांनी सांगितलं होतं, वर्गात एका मुलाने उभं राहून सांगितलं होतं, तरी मी लक्ष दिलं नाही.

खाली उतरताना ए विंगमधल्या आपल्या एका छोट्या मित्राच्या खिशात मला खापराचा तुकडा दिसला. काळा, गुळगुळीत, छान होता. त्याला तो घरी न्यायचा होता. मी त्याला म्हटलं, हा तुकडा इथे आहे तोवर तो सांगू शकतो की या थरात, या जागी माणसं जेवत होती. तुझ्या कपाटात गेला की ते नुसतं फुटकं मडकं. शिवाय संरक्षित जागेवरून काही उचलणं कायद्यानेही चूक आहे. तो थोडा रडवेला झाला, पण जिथून उचलला तिथेच जाऊन ठेवून आला. आज तो समोर बसला आहे. त्याच्यासाठी टाळ्या वाजवा. मोठमोठ्या माणसांना जे जमलं नाही ते त्याने केलं.

दुपारी घाटांवर गेलो. पवनीला विदर्भाची काशी म्हणतात, ते घाट बघितले की पटतं. दगडी पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. वैजेश्वराच्या बाजूला बसलो. पंचमुखी गणपतीचं दर्शन घेतलं. विदर्भातल्या अष्टविनायकांत पवनीचा गणपती आहे आणि आपल्या मेंढ्याचा भृशुंड गणेशही आहे, हे आपल्यातल्या निम्म्या लोकांना त्या दिवशी कळलं. नदीकडे बघताना बोलणं आपोआप ऑगस्ट २०२० च्या पुरावर गेलं. तेव्हा वरून पाणी सुटलं, गोसीखुर्दची सगळी ३३ दारं उघडली आणि आपल्या भंडाऱ्यात घराघरांत पाणी शिरलं. पवनी धरणाच्या खालच्या बाजूला आहे. नदी तीच. ती वर आपल्याला धुते आणि खाली त्यांना.

आता तक्रारीही सांगते, कारण सहलीचं नुसतं कौतुक केलं तर पुढच्या वेळी तुम्ही मला धराल. महिलांसाठी नीट स्वच्छतागृह शोधायला आम्हाला पाऊण तास लागला. शेवटी एका घरच्या काकूंनी दार उघडलं आणि वर सगळ्यांना चहा दिला. टेकडीवर माहिती वाचून काही कळावं असं काही नव्हतं. मी नसते तर हे सत्तावीस जण टेकडी चढून उतरले असते आणि म्हणाले असते, नुसत्या टेकड्या आहेत. सत्तावीस जणांचं जेवण एका खानावळीत आधी सांगून ठेवलं होतं म्हणून मिळालं. एक काका दिवसभर गुडघा धरून होते. आणि खरेदीचं विचारणाऱ्या वहिनींना मी सांगितलं की एकेकाळी पवनीचं रेशीमकाठी कापड आणि इथल्या विणकरांचं बारीक सूत नावाजलेलं होतं. त्यावर त्यांनी विचारलं, मग आता? त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

गर्दी नसलेल्या गावी जाण्याचं आजकाल फार कौतुक होतं. शांतता मिळते, रांग नाही, तिकीट नाही, कोणी मागे लागत नाही. ते खरं आहे. घाटावर आम्ही तासभर बसलो, कोणी उठवलं नाही. सांचीत मला मुलं मोजण्यातच दिवस जायचा. पण गर्दी नसण्याची किंमतही कोणीतरी देतं, आणि ती गावच देतं. कोणी येत नाही म्हणून फलक नाही, फलक नाही म्हणून कोणी येत नाही. रखवालदार एक, टेकड्या अनेक. तटाची माती गेली तरी ओरडणारं कोणी नाही. पवनीच्या शेजारी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य आहे. २०१२ मध्ये ते जाहीर झालं, आणि वाघ बघायला नागपूरच्या गाड्या पहाटे चारला निघतात. त्या गाड्यांपैकी दहातली एक जरी परतताना दोन तास गावात थांबली, तरी खानावळ चालेल, स्वच्छतागृह होईल, आणि पवनीच्या शाळेतल्या मुलांना वाटेल की आपल्या गावात काहीतरी आहे. दुसऱ्या टोकाला जाऊन महाबळेश्वरसारखी गर्दी व्हावी असंही मला वाटत नाही. त्या टेकड्यांना ते सोसणार नाही. बसभर माणसं, महिन्यातून चार-सहा वेळा, आणि ती समजून घेणारी. एवढं पुरे.

आणि ती माणसं बाहेरून आली नाहीत तर आपण जायचं. पन्नास किलोमीटरवरचे आपणच गेलो नाही तर पुण्याचे लोक कशाला येतील?

सहलीचा दुसरा भाग फेब्रुवारीत झाला. आम्ही नऊ जणच नागपूरला मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे आपल्या अजबबंगल्यात गेलो. १८६३ सालचं ते संग्रहालय. तिथे पवनीचा एक दगडी खांब आहे. त्याच्यावर महाक्षत्रप कुमार रुपिअम्म याचं नाव कोरलं आहे. क्षत्रप म्हणजे माळवा-गुजरातकडचे राज्यकर्ते. त्यांच्यातला कोणी इतक्या पूर्वेला आला, आणि त्याच्या स्मरणार्थ पवनीत खांब उभा राहिला. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी हा लेख वाचून प्रसिद्ध केला. त्या लेखात या स्मारकाला छायाखंभ म्हटलं आहे. हा खंभ म्हणजेच आपला खांब. आपण रोज खांब तलावावर फिरायला जातो, तो शब्द अठराशे वर्षांपूर्वी आपल्याच जिल्ह्यातल्या दगडावर कोरला गेला होता. माझ्या अंगावर काटा आला. भाची म्हणाली, "आत्या, इथे मोठ्याने बोलायचं नसतं."

आपल्या गावाचंही सांगते. छत्तीसगडात रतनपूरला जाजल्लदेवाचा १११४ सालचा शिलालेख मिळाला आहे. त्यात मांडलिक प्रदेशांच्या यादीत लांजिका आहे आणि भाणार आहे. हे भाणार म्हणजे आपलं भंडारा, असं अभ्यासक मानतात. आपला किल्ला तर शहराच्या मध्यावर आहे. पण त्यात तुरुंग असल्यामुळे आत जाण्याची कोणाला हौस नाही, हे चांगलंच आहे.

पुढची सहल मी सुचवते, अंबागडची. तुमसरहून तेरा-चौदा किलोमीटर, सातपुड्याच्या टेकड्यांत. देवगडच्या बख्त बुलंद शहाच्या पदरी राजाखान पठाण नावाचा सरदार होता, त्याने १७०० च्या सुमारास तो बांधला. पुढे भोसल्यांनी तिथे कैदी ठेवले. कैद्यांना आतल्या विहिरीचं दूषित पाणी प्यायला लावत, असं जुन्या गॅझेटियरमध्ये लिहिलं आहे. तेव्हा पाण्याच्या बाटल्या प्रत्येकाने स्वतःच्या आणाव्यात. येताना गायमुखला महादेवाचं दर्शन होईल. चढण आहे, गुडघेवाल्या मंडळींनी खाली झाडाखाली बसावं, आम्ही वरून हात करू.

जाताना पाळायच्या चार गोष्टी आम्ही अनुभवातून ठरवल्या. त्या स्मरणिकेत छापा असं सचिवांना सांगितलं आहे. पहिली, निघण्याआधी तासभर सोसायटीच्या हॉलमध्ये बसून त्या जागेबद्दल वाचायचं, म्हणजे तिथे नुसत्या टेकड्या दिसणार नाहीत. दुसरी, जेवण, चहा, फळं त्याच गावात विकत घ्यायची, भंडाऱ्याहून डबे न्यायचे नाहीत. तिसरी, खापर, वीट, दगड, नाणं काहीही उचलायचं नाही, आणि कुठे नाव कोरायचं नाही. नाणं किंवा मूर्ती दिसलीच तर हलवायची नाही, गावात सांगायचं. चौथी, गावातल्या एका तरी म्हाताऱ्या माणसाशी बोलायचं आणि तो जे सांगेल ते वहीत लिहून घ्यायचं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे टेकडीवर कोणी चढू नये, सांगणाऱ्याचंही डोकं फिरतं.

घड्याळ दाखवू नका सचिव, संपवतेच.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे आलो तेव्हा आपल्या जिल्ह्यातलं काय गेलं याची यादी केली होती. काय राहिलं याची यादी करायची राहून गेली. मी ती आता वहीत करायला घेतली आहे. पवनीचं पान भरलं आहे. बाकीची पानं तुम्ही सांगा. कोणाचं माहेर लाखनीकडे असेल, कोणाची शेती साकोलीकडे, कोणाची सासुरवाडी लाखांदूरला. तिथल्या जुन्या देवळाबद्दल, तळ्याच्या पाळीवरच्या दगडाबद्दल, घरातल्या म्हाताऱ्यांनी जे सांगितलं असेल ते मला लिहून द्या. खरं-खोटं नंतर तपासू. आधी ऐकून तरी घेऊ.

तो मुलगा आज पन्नाशीकडे आला असेल. कुठे आहे, काय करतो, मला माहीत नाही. पवनीला घाटावर बसले होते तेव्हा येणाऱ्या-जाणाऱ्या त्या वयाच्या प्रत्येक माणसाकडे मी बघत होते. ओळखू येणं शक्य नव्हतं, तरी बघत होते. भेटला असता तर त्याला एवढंच म्हणाले असते की बाळ, तू बरोबर होतास. त्या सापाचं नाव मुचलिंद. उभा राहा, आणि आता पुढचं सांग.

तो भेटला नाही. म्हणून हे तुमच्यासमोर बोलले. इथे आई-वडील बसले आहेत, आजी-आजोबा बसले आहेत, दोन-तीन शिक्षकही आहेत. उद्या तुमच्या घरातलं किंवा वर्गातलं एखादं पोर म्हणालं, "असं तर आमच्या गावातही आहे," तर हसू नका. त्याला बोलू द्या, आणि येत्या रविवारी त्याच्याबरोबर बघून या. एसटी आहे की.